वरचा मजला कुणाचा

जैतूनबी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबल्या. "सफूरा, मी आपली खालीच बसते गं. चपला सांभाळते."

"अम्मी, इथे चपला कोण नेतंय? चला बघू," सून म्हणाली आणि सासूबाईंच्या कोपराला धरून त्यांना वर घेऊन गेलीसुद्धा.

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या या तुर्की मशिदीत बायकांसाठी कठड्याची माडी होती. दिवस जुम्म्याचा, शुक्रवारचा. खाली पुरुषांत मुनाफ, जैतूनबींचा मुलगा, मोटारीच्या कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत धावत आलेला. वर हीटरला पाठ टेकून बसलेल्या चार-पाच तुर्की म्हाताऱ्या. आणि गावाहून लेकाकडे आलेल्या, साठी उलटल्यावर जन्मात पहिल्यांदा मशिदीत पाऊल टाकणाऱ्या जैतूनबी.

बाणकोटच्या खाडीकाठी त्यांच्या गावात बायका नमाज घरीच पढायच्या. यंदा गावात नवी मशीद उभी राहिली होती, वरच्या कठड्याचं काम तेवढं बाकी होतं, आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरींनी तिचा वरचा मजला बायकांसाठी मागितला होता. बुजुर्ग म्हणत होते, छे, तिथे लग्नाच्या जेवणाची मोठाली भांडी, डेगा, नि सतरंज्या ठेवू. जमातीचे अध्यक्ष म्हणजे जैतूनबींचे घरधनी, उस्मान परकार. दोन्हीकडून ओढाताण सुरू झाली तशी या गृहस्थांनी सगळं बायकोच्या गळ्यात घातलं. "जैतून म्हणेल ते!" म्हणून मोकळे.

आज मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजेनंतर तिकडे गावात बैठक होती. त्याआधी त्यांचा फोन येणार होता. जैतूनबींचं उत्तर तयार होतं: नको. बायकांना कुठे जमातीत, सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहता येतं? काहीतरी चुकायचं आणि गावभर हसं व्हायचं. त्यापेक्षा डेगा बऱ्या. डेगांना कोण हसतं?

खुतबा, म्हणजे इमामांचं प्रवचन, तुर्कीत झाला, तो सगळा डोक्यावरून गेला. पण नमाज सुरू झाली, इमामांनी कुराणातली पहिली सुरा, अलहम्द, म्हणायला घेतली आणि जैतूनबींचा जीव भांड्यात पडला. शब्द तेच, घरचेच. गावची जुनी मशीद त्यांच्या परसाला लागून होती. इमामांची सुरा संपली की पुरुषांचा आवाज उठायचा आणि इकडे भाकरी थापता थापता जैतूनबी त्यात आपला आवाज मिसळायच्या. संसार सुरू झाल्यापासूनची सवय.

सुरा संपली.

"आमीन!" जैतूनबी म्हणाल्या. चांगल्या खणखणीत.

बाकी एक माणूस बोललं नाही. कोकणातल्या मशिदीत आमीन मोठ्यानं म्हणतात, तुर्क ती मनातल्या मनात म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एवढी मशीद गच्च भरलेली, सगळी चिडीचूप, आणि कोकणातल्या एका बाईचा आवाज कठड्यावरून खाली गेला तो थेट इमामांपर्यंत.

जैतूनबींचे कान तापले. झालं! होणार होतं तेच झालं. फोनवर नको म्हणायचं म्हणजे नकोच.

दुसऱ्या रकातीला त्या ओठ घट्ट मिटून उभ्या राहिल्या. पुन्हा अलहम्द झाली. आता सगळे गप्प राहणार, तशाच आपणही.

"आमीन!"

या वेळी आवाज खालून आला. एकटाच, भरदार. मुनाफचा. गेली कित्येक वर्षं याच मशिदीत चार लोकांसारखा गुपचूप नमाज पढणारा मुनाफ. वर जैतूनबींचेही ओठ सुटले. जरा उशिराच, जरा हळूच, पण सुटले.

नमाज संपली तरी त्यांनी मान वर केली नाही. पुढच्या रांगेतली एक जाडजूड म्हातारी गुडघ्यांवरच सरकत त्यांच्याकडे यायला लागली. आता ही झाडणार, जैतूनबींना वाटलं. म्हातारीनं त्यांचे दोन्ही हात ओढून घेतले, पिशवीतली बाटली काढून त्यांच्या तळव्यांवर लिंबाच्या वासाचं कोलोन ओतलं आणि म्हणाली, "अल्ला कबूल एत्सिन." अल्ला कळलं, कबूल कळलं. आणखी काय कळायला हवं होतं?

मग म्हातारी सफूराशी जर्मनमध्ये भराभरा काहीतरी बोलली. बाकीच्या खुदुखुदु हसायला लागल्या.

"काय म्हणतेय? मला हसतायत ना?"

"नाही हो अम्मी. म्हणतायत, इतकी वर्षं आम्ही इथे वर येऊन बसतो, खाली कुणाला पत्ता नाही. आज नमाजेच्या शेवटचा सलाम फिरवून झाल्यावर इमामांनी पहिल्यांदा मान वर करून बघितलं."

खाली मुनाफ बूट घालून उभाच होता. "काय गं अम्मी, केवढ्यानं ओरडलीस!"

"आणि तू रे? तुला काय झालं होतं?"

"तू एकटी पडलीस ना," तो म्हणाला. जैतूनबींना एकदम भरून आलं. त्यांनी त्याच्या जॅकेटची चेन उगाचच वरपर्यंत ओढली. तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. अब्बांचा फोन. त्यानं तो आईच्या हातात दिला.

"काय गं, ठरलं ना?" पलीकडून उस्मान परकारांचा आवाज आला. "माणसं जमायला लागलीत. डेगा चढवतो वर."

"डेगा आपल्या पडवीत ठेवा," जैतूनबी म्हणाल्या. "वरचा मजला आम्हाला हवा."

"आम्हाला? अगं, परवापर्यंत तूच नको म्हणत होतीस! जमातीत उभं राहणं म्हणजे खेळ आहे का? चुकेल काहीतरी."

"चुकलं की! आत्ताच चुकून आले. अहो, इमामांनीसुद्धा ऐकलं."

उस्मान परकारांनी जपून विचारलं, "मग?"

"मग काय? गवंड्याला सांगा, कठडा फार उंच घेऊ नकोस म्हणावं."