शंभर टक्के हजेरी

आदिवासी वस्त्यांमधल्या मुलींची विद्यापीठातली हजेरी शंभर टक्के भरल्याने पालकांनाही सत्काराला बोलावलं होतं. त्यांच्यातल्याच, वसतिगृहात राहणाऱ्या बुटकीला मात्र धाकधूक होती. खोलीतली मैत्रीण दोन महिन्यांपूर्वी "चार दिवस घरी जाऊन येते, तेवढी हजेरी सांभाळ गं" म्हणून गेली, ती गेलीच. खाडे झाले की वसतिगृहातली जागा जाते, म्हणून बुटकीच तिच्या नावालाही "हजर" म्हणत राहिली. सरांनी कधी मान वर केली नाही. सभागृहात मैत्रिणीचे वडील दिसले, काखेत नव्या चपलांचा खोका. "काका, तिला घरून नाही आणलंत?" "घरी कुठे आली ती, पोरी?" ते हसले. "निरोपही नाही म्हणून शोधायला निघणार होतो. तर विद्यापीठाचं पत्र आलं, एकही दिवस चुकली नाही म्हणून. जीव भांड्यात पडला." मंचावरून लेकीचं नाव पुकारताच खोका खाली ठेवून त्यांनीच पहिली टाळी वाजवली.