धरलेली जागा

"सोडा की आता. अजून तासाभराची रांग आहे, पोरगी करपली उन्हानं," रेश्मा नवऱ्याला म्हणाली.

"सकाळपासून उभं राहिलोय ते सोडायला?" हणमंता खेकसला, तशी ती चिडून पाणी आणायला निघून गेली. त्यानं ईश्वरीचे दोन्ही हात रेलिंगवर ठेवले. "काही झालं तरी जागा सोडायची नाही. मोठ्या पाळण्यात बसूनच घरी जायचं."

तेवढ्यात एक आडदांड माणूस बायकापोरांचं लटांबर घेऊन मध्येच घुसला आणि रेलिंगला बांधलेला रुमाल दाखवू लागला. "हा आमचा. नंबर धरून जेवायला गेलो होतो."

"ही काय एसटीची सीट आहे?" हणमंतानं रुमाल सोडवून त्याच्या तोंडावर फेकला. त्या माणसानं त्याची गचांडी धरली, आणि सकाळपासूनचं सगळं ऊन हणमंताच्या मुठीत उतरलं. पहिल्याच ठोशात समोरच्याचं नाक फुटलं. तो खाली पडला, तरी हणमंता वाकून त्याला बुकलत राहिला. मूठ उगारताना त्याचं कोपर मागं कशावर तरी कचकन बसलं. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

रखवालदारांनी ओढून काढलं तेव्हा रांग पार पांगली होती. तो माणूस नाकाला तोच रुमाल लावून बसला होता.

रेलिंगपाशी ईश्वरी एकटीच उरली होती. फाटलेल्या ओठातून रक्त फ्रॉकवर ठिबकत होतं. बाप जवळ येताना दिसला, तसे तिनं डोळे गच्च मिटले.

"पप्पा, जागा नाही सोडली मी."