वाटीखालचं गोड

डोहाळजेवणाच्या फोटोसाठी सगळ्या बायका गप्प झाल्या आणि नेमका तेव्हाच तेजस्वीच्या कमरेचा इन्सुलिन पंप टीं टीं करायला लागला. साखर चढत होती. पंप आपणहून इन्सुलिन वाढवत होता, पण एवढ्या पाहुणचारापुढं त्याचीही दमछाक झाली होती.

"आत्ती, बास की आता. बाळाला त्रास हुईल," ती सासूबाईंना म्हणाली.

"खा गं, काय हुत न्हाय. मशीन हाय की निस्तरायला," म्हणत सासूबाईंनी आणखी एक जिलेबी तिच्या तोंडात घातली.

मग दोन उपड्या वाट्या पुढ्यात आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. आणि जे निघेल ते अख्खं खायचं, असा सासूबाईंचा हुकूम.

तेजस्वीनं एक वाटी उचलली. खाली बर्फी होती.

सासूबाईंनी पटकन बर्फीवर वाटी परत उपडी घातली. "ऱ्हाऊ दे बाई. तुला शुगर हाय न्हवं."


मांडीला टेकून बसलेल्या तिच्या चार वर्षांच्या लेकीनं तोंड वर करून विचारलं, "आई, पेढ्यात साखर नसती व्हय?"