छताचा व्हिडिओ

माय गेल्यावर सोमेश्वरनं तिच्या स्वयंपाकाच्या व्हिडिओंची वेबसाइट बनवली, पण टेंभुर्णीत वडिलांच्या मोबाइलवर ती उघडायला फार वेळ लागायचा. म्हणून त्यानं फोटो हलके केले. सगळ्यात जड व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला, तर वीस मिनिटं नुसतं छत. तो त्यानं कायमचा पुसून टाकला.

"अण्णा, आता जल्दी उघडती का?" त्यानं फोनवर विचारलं.

"बराबर उघडली. पन तो छताचा कुठंय?"

"त्यात काहीच नव्हतं. काढला मी."



"फोन ओट्यावर उताणा ठेवून भाकर शिकवत होती रे तुला. मी रोज तेवढाच ऐकायचो. शेवटी म्हणायची, 'न्हाई जमलं तर इचार सोम्या, मी हाये की.'"