बसवलेला आवाज

वडिलांच्या निवृत्तीच्या समारंभासाठी मुलाने नकलाकार ठरवला होता. स्टेजवर हुबेहूब नक्कल व्हावी म्हणून वडिलांचं घरातलं बोलणं गुपचूप रेकॉर्ड करून पाठवलंही होतं. समारंभाच्या आठवडाभर आधी वडीलच गेले.

मुलाने स्पीकरवर फोन लावला. "कार्यक्रम रद्द करतोय. ॲडव्हान्सचं काय?"

नकलाकार अवघडला. "दादा, फार वाईट झालं. पण ॲडव्हान्स परत देत नाही हो मी. आवाज बसवून झाला होता."

आईने मुलाच्या हातातून हलकेच फोन घेतला. "पैसे राहू देत, भाऊ. आवाज बसलाय ना? मग हे संध्याकाळी दारातून म्हणायचे, तेवढं एकदा म्हणा. 'आलो गं.'"

"काकू, मी लोकांना हसवायला आवाज काढतो."

"मग आमच्यासाठी बसवलेला आता कुणाला ऐकवणार?"

त्याने डोळे मिटले. "आलो गं."

 पलीकडून ती म्हणाली, "हातपाय धुवून या, वाढते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला. "उरलेले पैसेही पाठवलेत," एवढंच बोलून ती वाट बघत राहिली.