कॅनडाची नऊ नंबर

कॅनडाची नऊ नंबरची मुलगी चेंडू घेऊन आत घुसली, तेव्हा तेजलने घसरत जाऊन तो गोलरेषेबाहेर काढला. गवतावर आपटलेली ती मुलगी कळवळली, "आई गं!"

तेजल गोंधळली. घर सोडून महिना झाला होता आणि भारताच्या त्या सतरा वर्षांखालच्या संघात मराठी बोलणारी, कोल्हापूरची ती एकटीच होती. "लागलं काय गं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"थोडंच," ती मुलगी म्हणाली. "माझी आजी कराडची आहे." तेजलने हात देऊन तिला उठवलं.

दोनच मिनिटं उरली होती. बरोबरी राखली तरी भारत पुढच्या फेरीत जाणार होता. चेंडू बाहेर गेल्यामुळे कॅनडाला कॉर्नर मिळाला होता. कोपऱ्यातून चेंडू येताना नऊ नंबरला सोडू नकोस म्हणून प्रशिक्षक बाई हिंदीत ओरडत होत्या. तेजल नऊ नंबरच्या मागे उभी राहिली, पण मघासारखं खेटायला मन धजेना. चेंडू उंच आला, नऊ नंबरने उडी मारून डोकं लावलं आणि गोल झाला.

सामना संपल्यावर तेजल मैदानातच रडत बसली. ती मुलगी शेजारी येऊन टेकली. "मला मुद्दाम सोडलंस का गं?" तिने हळूच विचारलं.

"नाही," तेजल म्हणाली. मग डोळे पुसत म्हणाली, "मलाच कळत नाहीये."