ह्यांचा आरसा

लायसन्सच्या परीक्षेत गाडी मागे घेताना पुन्हा खांबाला धडकले. परीक्षकांनी कपाळाला हात लावला. "मावशी, आरशात काय दिसतं तुम्हाला?" "गाडीचं छत." "मग फिरवायचा ना." आमचे हे ताडमाड उंच, मी बुटकी. ते गेल्यापासून आरशाला बोट लावलं नव्हतं, सीटही पुढे ओढली नव्हती. मी पाठीशी उशी घेऊन गाडी दामटायचे. नापास झाल्यावर दिरांनी गाडी घरी आणली. त्यांची उंची ह्यांच्याइतकीच. उशी बाजूला ठेवली, बाकी काहीच हलवावं लागलं नाही. "वहिनी, विकून टाका आता," चावी देत म्हणाले आणि पायी निघाले. मी गाडीत बसले. उशी मागे फेकली, सीट पुढे घेतली, आरसा खाली वळवला. आरशात दीर पाठमोरे लांब जात होते, अगदी ह्यांच्यासारखे. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिले. मग रिकाम्या रस्त्यावर गाडी सरळ मागे घेतली.